दार दाबून बसत नसतं

हातातला पाना खाली ठेव आणि ऐक. मध्ये बोलू नकोस. तुझी बाजू मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून आलोय.

न्हावी गावच्या त्या शेतकऱ्याची जुनी बोलेरो मी नीट पाहिली. दार उघडून, वाकून, सांध्यात बोट घालून पाहिली. मागच्या दाराची वरची बिजागरी तू पिलरला वेल्ड मारून कायमची चिकटवलीस. कॅचचं तोंड कानशीने घासून मोठं केलंस. तरी फट राहिली म्हणून बीडिंगच्या खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबलीस, आणि जळलेल्या रंगावर पुटी फासून फवारा मारलास. दार लागलं, गिऱ्हाइकानं पैसे मोजले, तुझ्या लेखी काम संपलं. आज तेच दार लॉकच्या बाजूला पुन्हा खाली आलंय. ते लावायला दोन माणसं लागतात, एक उचलायला आणि एक ढकलायला.

ते पुन्हा का खाली आलं, याचा विचार तरी केलास? पिलरला टेकणारी पाती ढिली नव्हतीच. झिजली होती ती मधली पिन. जो भाग धडधाकट होता तो तू जाळलास आणि जो खराब होता त्याला हातही लावला नाहीस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आयटीआयत दोन वर्षं यांत्रिक मोटारगाडीचा कोर्स केलेल्या मुलाकडून मला हे बघायला मिळतं, याचा मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. रस्त्यावरच्या शिकाऊ पोराला मी समजावून सांगितलं असतं. तुला समजावायचं नाही, तुला जाब विचारायचाय.

पहिला जाब हा, की त्या दारावर ओझं किती असतं हे तू कधी मोजलंस का? जुन्या सीजे 3बी जीपला मागे साखळ्यांवर खाली पडणारं तख्त होतं आणि स्टेपनी गाडीच्या बाजूला टांगलेली असायची. तख्तावर स्वतःच्या वजनापलीकडे कायमचं ओझं नव्हतं. 2000 साली आलेल्या बोलेरोचं मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनी त्या दारावरच बसते. लोखंडी रिम आणि टायर मिळून वीस-पंचवीस किलो, त्यात दाराचं स्वतःचं वजन. हिशेबाला दोन्ही मिळून पन्नास किलो धर, ते बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर धर आणि दोन बिजागऱ्यांमध्ये अर्धा मीटर अंतर धर. म्हणजे वरची बिजागरी पन्नास किलोच्या ओढीनं लॉकच्या दिशेला खेचली जाते आणि खालची तेवढ्याच जोरानं खांबाकडे रेटली जाते. हे गाडी उभी असताना. हतनूर कालव्याच्या कडेनं केळीच्या मळ्यात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर किंवा पाल गावाकडच्या चढावर गाडी खड्ड्यात आपटली की हाच जोर क्षणात दुप्पट-तिप्पट होतो. दहा-पंधरा वर्षं असे हिसके खाल्ल्यावर आधी पिन-बुश झिजणार, तेही वरचं जास्त. यात नवल काहीच नाही. हे तुला दार न उघडताही सांगता यायला हवं होतं.

आता परीक्षा कशी करतात ते पुन्हा बघ. मी तुला कार्यशाळेत ती हाताला धरून करायला लावली होती. गाडी सपाट जागी उभी कर, मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी भर, स्टेपनी दारावरच राहू दे. दार अर्धं उघड. एका हातानं लॉकच्या बाजूची खालची कड धरून किंचित वर उचल आणि सोड. दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या सांध्यावर ठेव, दोन पात्या जिथे एकमेकींत शिरतात नेमकं तिथे. बोटाखाली टक्कन हललं तर पिन गेली. सांधा गप्प आहे, पण पाती आणि पत्रा यांच्यामधली रंगाची रेघ उघड-मीट करते, तर बोल्ट ढिले. बोल्टही घट्ट आहेत, पण पाती ज्या पत्र्यावर बसलीय तो पत्राच फुगतो आणि बसतो, तर आतली नटप्लेट सुटलीय किंवा पिलर फाटलाय. मग बोल्टच्या भोवती रंगावर केसाएवढी भेग आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ दिसतो. दुखणी तीन, उपाय तीन. एका मिनिटाचं काम आहे हे, पानासुद्धा लागत नाही. त्या शेतकऱ्याच्या गाडीला मी हे केलं तेव्हा वरचा सांधा बोटाला चक्क चावला, एवढा त्यात खेळ आहे. तू बोट लावलं असतंस तर तुलाही चावला असता.

आणि तिन्हीपैकी काही निघालं नाही, तरी दाराला दोष द्यायची घाई करायची नाही. सुतार दार तासण्याआधी चौकट ओळंब्यात आहे का ते बघतो. ही बॉडी चेसिसवर रबरी पॅडांवर बसलेली असते. मागच्या एका बाजूचा पॅड दबला किंवा कुजला की बॉडीचा तो कोपरा खाली जातो आणि दाराचं तोंडच तिरकं होतं. टेप घे, तोंडाचे दोन्ही कर्ण मोज. फरक आला तर पॅड आणि त्याचा बोल्ट बघ. बिजागरीशी कितीही झगडलास तरी वाकड्या चौकटीत सरळ दार बसणार नाही. तू टेप काढली होतीस का? नाही. तुझ्या भिंतीवर ती खिळ्याला टांगलेलीच मला दिसतेय, धूळ बसलेली.

दुसरा जाब वेल्डिंगचा. वेल्डिंग वाईट नाही. पिलरचा पत्रा खरोखर फाटला असेल तर ते लागतंच. पण तेव्हा दार उतरवायचं, बॅटरीचं टर्मिनल काढायचं, आतून जाणाऱ्या दिव्यांच्या वायरी बाजूला घ्यायच्या, डिझेलची टाकी आणि नळी कुठे आहे ते बघून घ्यायचं, सडका पत्रा कापायचा, आतून जाड पट्टी द्यायची, मग टाके मारायचे आणि थंड झाल्यावर आत-बाहेर प्रायमर लावायचा. हे पत्रे कारागीर आणि संधाता, म्हणजे वेल्डर, यांचं काम आहे. आपल्याला येत नसेल तर त्यांच्याकडे गाडी पाठवण्यात कमीपणा कसला? तू मात्र चांगल्या पिलरवर बिजागरी चिकटवलीस. बोल्टची भोकं बोल्टापेक्षा मोठी का ठेवलेली असतात? बिजागरी थोडी वर-खाली, इकडे-तिकडे सरकवता यावी म्हणून. दार जुळवायची जी सोय बनवणाऱ्यानं दिली होती ती तू वितळवून बंद केलीस. शिवाय पिलरच्या आतल्या बाजूचा रंग जळलाय, तो तुला दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही दिसत नाही. पहिल्या पावसात पाणी तिथेच मुरेल आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खाल्ला जाईल. तेव्हा ती गाडी ज्याच्याकडे जाईल तो मिस्त्री तुला शिव्या देईल, आणि त्या रास्त असतील.

काम कोणत्या क्रमानं करायचं हे तुझ्या वहीत मी स्वतः तपासून सही केलेलं आहे. कॅच आधी काढून बाजूला ठेवायचा. जोवर कॅच जागेवर आहे तोवर दार त्याच्यावर चढून बसतं आणि आपली खरी जागा दाखवत नाही. कॅच निघाला की दार मोकळं लोंबू दे. वरची फट, खालची फट, बाजूची फट बघ, दोन बाजूंच्या पत्र्याशी पातळी जुळते का ते हात फिरवून बघ. मग दाराखाली लाकडी गुटका आणि जॅकचा आधार दे, स्टेपनी उतरव. पिन निघण्यासारखी असेल तर पिन आणि बुश नवीन घाल. निघत नसेल तर अख्खी बिजागरी बदल. वेल्ड भरून, ठोकून, ग्रीस कोंबून झिजलेली पिन भरत नाही. बोल्ट ढिले करण्याआधी पातीच्या कडेनं मार्करची रेघ ओढ, म्हणजे किती सरकलं ते कळेल आणि चुकलं तर मूळ जागी परत येता येईल. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करायचे, तेही पाती हातानं नव्हे, हलक्या टोल्यानं सरकेल इतपतच.

इथे डोकं लागतं. लॉकची कड खाली आलीय, म्हणजे दार फिरलंय. ते परत फिरवायचं तर वरची बिजागरी खांबाकडे घ्यायची किंवा खालची लॉककडे सरकवायची. किती? दाराची रुंदी एक मीटर आणि बिजागऱ्यांमधलं अंतर अर्धा मीटर धरलं, तर बिजागरीजवळ एक मिलिमीटर सरकवलं की लॉकपाशी दोन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून बिजागरी सरकवायची असते ती नखाएवढी. पहार घालून दार उचलायचं नसतं. दार आत-बाहेर घ्यायचं असेल तर पातीखाली पातळ पत्र्याचा शिम देतात, तोही एकेक करून, प्रत्येक वेळी दार लावून बघत.

आता ज्या जागी तुम्ही सगळी पोरं घाई करता ती जागा. स्टेपनी काढलेली असताना दार सुंदर जुळतं. फटी सारख्या, आवाज नाही. मग स्टेपनी चढवली की कड पुन्हा खाली बसते आणि तुम्ही म्हणता कॅच थोडा खाली घेऊ. नाही! शेवटचं माप स्टेपनी लावूनच घ्यायचं, आणि बिजागरी पुन्हा सैल करावी लागली तर करायची. दार आपल्या आपण बरोबर जागी लोंबायला लागलं की मगच कॅचला हात लावायचा. कॅच दाराला धरून ठेवण्यासाठी आहे, खाली पडणारं दार उचलून धरण्यासाठी नाही. त्याच्यावर वजन आलं की लॉकची जीभ झिजते, आतली सळई वाकते, हँडल जड होतं, आणि मग हँडल तुटलं म्हणून गिऱ्हाईक पुन्हा तुझ्याच दारात येतं. तुला ते उत्पन्न वाटत असेल तर माझ्याकडे शिकलोय असं कुणाला सांगू नकोस.

तपासणीही सांगतो, कारण तीही तू केलेली नाहीस. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी बीडिंगवर ठेव, दार लाव आणि पट्टी ओढ. पूर्ण चौकटीभर हात फिरवत हेच कर. पट्टी सगळीकडे सारख्या जोरानं निघाली पाहिजे. जिथे अलगद निघते तिथून धूळ येणार, जिथे फाटते तिथे दार दाबलं जातंय. तुझ्या त्या सायकल ट्यूबच्या जागी कागद फाटला आणि खालच्या कोपऱ्यात तो नुसता हवेनं हलत होता. बीडिंग जुनी झाली असेल तर नवी लाव. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होऊन चिरणारच. पण रबर फट बुजवायला असतं, वाकडं दार सरळ करायला नसतं.

तू म्हणशील, एका फटीपायी सर एवढे का तापले. त्या फटीनं काय होतं ते ऐक. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून मागची धूळ उलटी फिरून गाडीकडेच खेचली जाते. धुळीबरोबर सायलेन्सरचा धूर येतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना रंग ना वास. आणि मागच्या दाराला लागून या गाडीत कोण बसतं? समोरासमोरच्या त्या दोन बाकांवर पोरं बसतात. शाळेला जाताना, लग्नाला जाताना, पालला जाताना मोठी माणसं मधल्या सीटवर आणि पोरं मागे. दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. नीट लागलेल्या दाराचे दोन खटके ऐकू येतात. तू घासून मोठ्या केलेल्या कॅचवर मी सारखं दार लावून बघितलं, पहिला खटका प्रत्येक वेळी आला, दुसरा कधी आला आणि कधी नाही. पहिल्या टप्प्यावर अडकलेलं दार बाहेरून बंदच दिसतं. पंचवीस किलोची स्टेपनी घेऊन ते दार सावद्याच्या रस्त्यावर खड्ड्यात उघडलं, तर त्या बाकावरची पोरं कुठे जातील याचा विचार कर. त्या दाराला टेकून बसणाऱ्या पोराचं वजन तू त्या घासलेल्या कॅचवर टाकलंयस. म्हणून मी तापलोय.

तुझी कारणं मला पाठ आहेत. गिऱ्हाइकाला घाई होती. गिऱ्हाइकाला घाई नेहमीच असते. केळीची गाडी भरायची असते, मजूर शेतात पोचवायचे असतात, आजारी माणसाला भुसावळला न्यायचं असतं. त्याला घाई करायचा हक्क आहे, तुला नाही. नवी बिजागरी महाग पडते म्हणून तो नको म्हणाला? त्याला सांगितलंस का, की पिन गेलीय, हे बघा, बोट लावून बघा? शेतकऱ्याला झिजलेलं लोखंड कळतं. पंपाचं बेअरिंग आणि नांगराचा फाळ त्याच्या हातातून रोज जातात. दाखवलं असतंस तर त्यानं पैसे दिले असते, आणि दिले नसते तर तू नाही म्हणायला हवं होतंस. तू त्याला काहीच दाखवलं नाहीस. पुटी मारलीस. पुटी मारली म्हणजे आपण काय केलंय ते तुला माहीत होतं. अज्ञान मी समजू शकतो. झाकपाक मला चालत नाही.

आणि ते शेवटचं वाक्य, जे तू त्या माणसाला तोंडावर बोललास, की फैजपूर म्हणजे काय पुणं-मुंबई आहे, इथे एवढं कोण बघतं! मला त्याचीच सर्वात जास्त लाज वाटली. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन 1936 च्या डिसेंबरात याच गावानं भरवलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोसांसारखा चित्रकार शांतिनिकेतनहून इथे आला आणि बांबू आणि साध्या गावठी सामानातून त्यांनी अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. महात्मा गांधींना हेच दाखवायचं होतं, की खेड्यातल्या सामानात आणि खेड्यातल्या हातांत काही कमी नाही. त्या मंडपाचे बांबू कुणीही ओढून-ताणून बांधले असते तरी दोन दिवस टिकलेच असते. तरी कुणी म्हणालं नाही की इथे कोण बघतंय. त्याच गावात दुकान थाटून तू गावाच्या नावावर आपलं ढिसाळ काम खपवतोस? नाशिकच्या कारखान्यातून निघालेलं दार फैजपूरला आलं म्हणून त्याची मापं बदलत नाहीत.

आता काय करायचं ते सांगतो, आणि ते तू करशील.

गाडी परत बोलावून घे. मजुरी एक रुपया घ्यायची नाही. नव्या बिजागऱ्यांचे पैसे पावती दाखवूनच घे. वेल्ड ग्राइंडरनं कापशील तेव्हा पिलरचा पत्रा पातळ होऊ देऊ नकोस, टाका उडेल तेवढाच उडव, उरलेलं कानशीनं काढ. बोल्टची भोकं गेली असतील तर संधात्याला बोलावून आतून नटप्लेट बसवून घे, त्याचे पैसे तुझ्या खिशातून. पिलरच्या आत प्रायमर फवार. घासलेला कॅच फेकून दे, दुसऱ्या गाडीला लावू नकोस. ट्यूबची पट्टी माझ्यासमोर काढ. दार जुळलं की त्या शेतकऱ्याला समोर उभं करून कागदाची पट्टी त्याच्या हातात दे, त्याला स्वतःला ओढून बघू दे, दोन्ही खटके त्याच्या कानांनी ऐकू दे. मग गाडी पालच्या रस्त्याला एकदा फिरवून आण आणि बिजागरीचे बोल्ट पुन्हा तपास, कारण नवे बोल्ट पहिल्या हिसक्यांत थोडे बसतात.

हे सगळं उद्यापासून. पण एक काम आताच, माझ्यासमोर कर. त्याला फोन लाव आणि सांग, दार दुरुस्त होईपर्यंत मागच्या बाकांवर पोरांना बसवू नका.